हेल्थ क्लबातले दोन फोटो

मुलुंडला स्टेशनपासून पाच मिनिटांवर, साड्यांच्या दुकानाच्या वर पहिल्या मजल्यावर आमचा हेल्थ क्लब होता. आमचा म्हणते, पण माझं तिथं होतं काय? एक काउंटर, एक उंच स्टूल आणि मागच्या भिंतीवर माझा फोटो. त्या फोटोनं सगळी वाट लावली. म्हणजे फोटोनं कसली, मीच लावली. उगाच फोटोवर कशाला ढकलू?

गिरण्यांचा संप होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संपानंतर इकडेतिकडे करून शेवटी विक्रोळीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. तो खाकी शर्ट घालताना ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. आई चार घरचं पापड-लोणचं करून द्यायची. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, घरी मशिनवर ब्लाउज शिवायची. मी बारावी आणि टायपिंगची एक परीक्षा, एवढ्या भांडवलावर क्लबात काउंटरला लागले होते. घरात महिन्याच्या महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार आणणारी मी एकटीच, आणि त्याचा मला माज होता. हो, माजच. दुसरा शब्द नाही.

सकाळी आणि संध्याकाळी पुरुष, मधल्या वेळेत बायका. बायकांसाठी तीन गोष्टी. एक सायकल, जी कुठंच जात नाही म्हणून आई हसायची. एक लाकडी पेटी, तिच्यात बसायचं, फक्त डोकं बाहेर, आत वाफ. आणि तिसरा तो पट्टा. एका खांबाला मोटर, मोटरला रुंद पट्टा, तो कमरेमागून घ्यायचा, बटण दाबलं की बाई आख्खी थरथरायला लागायची. सर म्हणायचे, चरबी वितळते. सर म्हणजे मालक. कधीकाळी शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरलेला माणूस, बोलायला गोड, कधी कुणावर आवाज चढवलेला नाही. वाईट माणूस दिसायलाही वाईट असता तर किती बरं झालं असतं.

पहिल्या दिवशी बाई आली की तिला बसवून दोन ग्लास लिंबू सरबत द्यायचं, मग चपलांसकट काट्यावर उभं करायचं. पुढच्या आठवड्यात सकाळी रिकाम्या पोटी, अनवाणी. बाई खूश. हे मला सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं आणि मी दुसऱ्या दिवशी हसत हसत करायला लागले. नावनोंदणीच्या फॉर्मवर खाली प्रश्न होते. रक्तदाब आहे का, कंबरदुखी आहे का, ऑपरेशन झालं आहे का. समोर हो आणि नाही असे दोन चौकोन. गिऱ्हाईक समोर असताना असलं विचारलं की ते बिचकतं, असं सरांचं म्हणणं. म्हणून दुपारच्या रिकाम्या वेळात मी गठ्ठाच्या गठ्ठा घेऊन सगळ्या फॉर्मांवर 'नाही'च्या चौकोनात आधीच खुणा करून ठेवायचे. रेडिओवर गाणी ऐकत. आम्ही लहानपणी शेंगा सोलायला बसायचो, तशी.

एक दिवस सर म्हणाले, "तुझा एखादा जुना फोटो असेल ना? जाडी होतीस तेव्हाचा?"

मी म्हटलं, "सर, मी कधी जाडी नव्हतेच." खरंच नव्हते. माझी हाडं बघून शेजारणी आईला विचारायच्या, हिला जेवायला देता की नाही.

"घरात कोणी असेल. तुझ्यासारखं दिसणारं. नाक, कपाळ." सर काउंटरवर बोटं वाजवत म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून तुला कायम करायचं माझ्या मनात आहे. तू विचार कर."

मी दोन दिवस विचार केला असं मला सांगायला आवडेल. खरं तर त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी ट्रंक उघडली.

ताई जाड होती. लहानपणापासून. एवढंएवढं जेवायची, तरी. आता मला वाटतं तिला काहीतरी आजार असणार, तेव्हा डॉक्टरकडे जायचं कारण म्हणजे ताप. आमच्या दोघींचं नाक एक, कपाळ एक, हनुवटीला खळगा दोघींच्या. स्थळं बघायची म्हणून तिचा फोटो काढला होता, स्टुडिओत, मोरपिशी साडीत उभी, मागे रंगवलेला बगिचा. तीन प्रती होत्या. त्यांतल्या दोन वेगवेगळ्या घरांत गेलेल्या होत्या, उत्तराची वाट बघणं चालू होतं. तिसरी लालबागच्या एका घरातून पत्रिकेसकट परत आली होती, शब्दसुद्धा न लिहिता. ती ट्रंकेत पाकिटात होती. मी स्वतःला सांगितलं, परत आलेलीच तर आहे, तिचा काय उपयोग.

सरांनी तो मोठा करून घेतला. शेजारी माझा, ट्रॅकसूटमध्ये, कमरेवर हात ठेवून. डावीकडे लाल अक्षरात 'आधी', उजवीकडे 'नंतर'. खाली एक वाक्य, चार महिन्यांत माझं आयुष्य बदललं, आणि त्याखाली माझ्यासारखी सही कुणीतरी ठोकली होती. फ्रेम लावली तेव्हा मी स्टुलावरून उतरून लांब उभी राहून बघितलं. आणि खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मनात आलं ते हे की मी किती छान दिसतेय.

बायका विचारायच्या, भात सोडलास का गं? रात्री काय खायचीस? मी उत्तरं तयार केली होती. पहिला महिना जड जातो, मग सवय होते. इतक्या वेळा सांगितलं की मला माझा तो जाडेपणा आठवायला लागला. जिने चढताना धाप लागायची, बसमध्ये दोघांची जागा लागते म्हणून लोक बघायचे. हे सगळं ताईचं होतं. तिनं कधी कधी मला सांगितलेलं, दुसऱ्या कुणालाच नाही. तेही मी विकलं.

मग बाई आल्या. महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या, चाळिशीच्या, पांढरी कडक साडी, पर्समध्ये लाल पेन. सगळे त्यांना बाईच म्हणायचे, म्हणून मीही. सगळ्या बायका आरशात बघत आत यायच्या, या आल्या त्या माझ्याकडे बघत. फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "शाब्बास गं. मनावर घेतलं की होतं, हे मी पोरांना सांगते, पण स्वतः कधी मनावर घेतलं नाही. तू केलंस ना, मग मी पण करीन."

त्यांनी फॉर्म घेतला आणि चष्मा लावून खालपर्यंत वाचला. शिक्षिका ना. "अगं, इथं सगळीकडे आधीच नाही लिहिलंय. माझी कंबर धरते. धाकट्याच्या वेळेपासून."

"ते तसंच असतं बाई, छापील," मी म्हटलं.

पट्ट्यापाशी गेल्या तेव्हा त्यांनी परत विचारलं. सरांना नाही, मला. "हे चालेल ना गं माझ्या कमरेला?"

आणि मी म्हटलं, "माझीही पहिल्यांदा दुखायची बाई. नंतर जाते."

एवढंच. कुणी मला सांगितलं नव्हतं असं म्हण म्हणून. सर तर तिथं नव्हतेही. हे वाक्य माझं स्वतःचं.

बाई नेमानं यायला लागल्या. मला घरचे तिळाचे लाडू आणायच्या, तू आता खाऊ शकतेस म्हणायच्या. आणि अशाच एका दुपारी ताई आली.

तिला मी कधी क्लबात येऊ दिलं नव्हतं. सरांना आवडत नाही, सांगितलं होतं. त्या दिवशी मी डबा विसरले आणि तिला मुलुंडला अस्तराचं कापड घ्यायचं होतं, म्हणून डबा घेऊन वर आली. दारातून मला बघून हसली. मग तिचं लक्ष माझ्या डोक्यावरून मागं गेलं.

मी मागे वळले नाही. मागे काय आहे मला ठाऊक होतं. काउंटरशी बाई उभ्या होत्या, हजेरीच्या वहीत सही करत. त्यांनी ताईकडे पाहिलं, ताई फोटोकडे बघतेय हे पाहिलं, आणि त्यांना दया आली. बाईंचा स्वभावच तसा, कुणी मागे राहिलेलं दिसलं की हात द्यायचा.

"या ना, लाजू नका," बाई ताईला म्हणाल्या. "बघा हिच्याकडे. ही आधी अगदी तुमच्यासारखीच होती. अगदी सेम. चार महिन्यांत बघा काय झालंय. तुम्हीही कराल."

ताईनं डबा काउंटरवर ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली असती, ओरडली असती, अगं हा तर माझा फोटो म्हणाली असती, तर सगळं तिथंच संपलं असतं आणि चांगलं झालं असतं. पण तिनं मला विचारलं, अगदी साधेपणानं, "हो का? किती महिने लागले म्हणालात?"

म्हणालात. मला, जिची वेणी तिनं दहावीपर्यंत घातली.

"चार," मी म्हटलं. "तुम्ही फॉर्म घेऊन जा हवं तर."

आणि मी तिला फॉर्म दिला. तिनं तो नीट घडी घालून पिशवीत ठेवला आणि गेली.

संध्याकाळी घरी पाय टाकायची मला हिंमत नव्हती. दोन बस सोडल्या, तिसरीत बसले. आई शेजारी गेली होती. ताई मेथी निवडत बसली होती. मी पण समोर बसले, हातात जुडी घेतली. जुडी संपत आली तेव्हा ती म्हणाली, "तो लालबागहून परत आलेला ना?"

"हो."

"मग ठीक आहे. बाकीचे दोन लोकांकडे आहेत अजून." मग म्हणाली, "आईला सांगू नको. तिला वाटतं मुलीचा फोटो कुठंकुठं फिरता कामा नये."

यापुढे काही नाही. मला तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी रात्री झोपले तरी असते.

महिनाभरानं बाई यायच्या बंद झाल्या. आधी वाटलं शाळेच्या परीक्षा असतील. मग कळलं, पट्ट्यावरून उतरताना कळ आली ती थेट पायात गेली, घरी जाऊन आडव्या पडल्या त्या उठल्याच नाहीत. मणक्यातली गादी सरकली होती. दीड महिना हॉस्पिटलात पायाला वजनं बांधून. सर म्हणाले, वयच झालंय त्यांचं, आपला काय संबंध. मी मान हलवली.

दुसरी कुणी असती तर नशिबाला बोल लावून गप्प बसली असती. बाईंनी अंथरुणात पडल्या पडल्या लाल पेनानं वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिला. तेव्हा ग्राहकांसाठी नवा कायदा आला होता, पेपरात त्यावर लिहून यायचं, आणि बाई पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या. पैसे परत मागितले नव्हते त्यांनी. त्यांची मागणी एकच होती, माणसाची तब्येत विचारल्याशिवाय त्याला यंत्राला बांधायचं नाही असा नियम करा, आणि खोटे फोटो लावू देऊ नका.

परवाना खात्यातले एक साहेब चौकशीला आले. टक्कल, रेक्झिनची बॅग, घामानं भिजलेली कॉलर. बाईही आल्या होत्या, कमरेला पांढरा जाड पट्टा बांधून, ताठ खुर्चीत, डॉक्टरांनी वाकायचं नाही सांगितलेलं. तोही पट्टाच, फक्त वेगळा.

साहेबांनी मशिनं बघितली, कोरे फॉर्म बघितले. सगळ्यांवर माझ्या खुणा. ते वैतागलेले होते, पण आमच्यावर नाही. "बेकरी काढायची, केस कापायचे, सोडा विकायचा, काहीही म्हटलं तरी आमच्याकडे यावं लागतं," ते सरांना म्हणाले. "आणि इथं चालत्याबोलत्या बायकांना मोटरला बांधता, त्यासाठी आमच्या यादीत साधं नाव नाही. मी अटींचा मसुदा केलाय. डॉक्टरचा दाखला, तपासलेला वजनकाटा, जाहिरातीत सिद्ध होईल तेवढंच. पण वरचे म्हणतात, एक तरी पक्कं प्रकरण आणा. नुसतं पाठ दुखली एवढ्यानं भागत नाही. पाठ कुणाचीही दुखते."

"हे पक्कं आहे," बाई म्हणाल्या. "हे दोन फोटो एका मुलीचे नाहीत. पडल्या पडल्या मी विचार केला. डावीकडची मी प्रत्यक्ष बघितली आहे. इथं डबा घेऊन आली होती. हिनं तिच्याकडून डबा घेतला."

साहेब माझ्याकडे वळले. "कोण ती?"

सर खिडकीपाशी उभे होते, बाहेर बघत. बोटं वाजत होती.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"अगं, डबा दिला तिनं तुला."

"डबे पोचवणारी बाई आहे साहेब. पोळीभाजीचे. आमच्याकडे बऱ्याच जणी येतात."

"आणि हा फोटो?"

"माझाच. आधीचा."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "खोटं बोलतेस तू." शाळेत पोराला पकडल्यासारखं. साहेबांनी ते लिहून घेतलं, माझं म्हणणं लिहून घेतलं, भिंतीवरची फ्रेम उतरवून डावा फोटो बाहेर काढला आणि पावती देऊन बॅगेत घातला. जाताना माझा पत्ता विचारला. मी दिला. खोटा द्यायचंही सुचलं नाही, एवढी मी घाबरले होते.

सोमवारी क्लब बंद असायचा. संध्याकाळी सहाच्या सुमारास दार वाजलं. बाबा ड्यूटीवर, आई बाजारात. मी तांदूळ निवडत होते. ताईनं मशिन थांबवून दार उघडलं.

"हा आमचा वॉर्ड नाही," साहेब दारातूनच म्हणाले. "मी घाटकोपरला राहतो, घरी जाता जाता उतरलो." आणि मग ते गप्प झाले, कारण समोर ताई उभी होती. त्यांनी बॅगेतून फोटो काढायची तसदीसुद्धा घेतली नाही आधी.

ताईनं त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग त्यांनी फोटो काढून स्टुलावर ठेवला. "बाई, हा फोटो तुमचा ना?"

इथं मी थांबून सांगते. ताईनं आधी माझ्याकडे बघितलं. ती थांबली होती. माझ्यासाठी थांबली होती, मी बोलावं म्हणून. मी सुपात बघत होते. एक खडा दिसला, तो मी उचलला. एवढा वेळ होता माझ्याकडे.

"नाही हो," ताई म्हणाली. "हिचा आहे. आम्ही आधी सारख्याच दिसायचो. हिनं उतरवलं, मी राहिले."

साहेबांनी बॅगेतून कागद काढला. "ही म्हणाली, डबा घेऊन आलेल्या बाईला ओळखत नाही. डबे पोचवणारी आहे म्हणाली."

हे ताईला माहीत नव्हतं. मी मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं, एखादीच्या बोटात सुई जाते तेव्हा येतं तसं.

"लाजली असेल," ती म्हणाली. "मी ही अशी. चार लोकांत मला बहीण म्हणायची लाज वाटते तिला. वय आहे तिचं."

"बघा बाई, माझं काही जात नाही. पण हे प्रकरण टिकलं तर वरचे माझ्या अटी वाचतील तरी. नाही टिकलं तर उद्या आणखी कुणी बांधली जाईल त्या पट्ट्याला. म्हणून परत विचारतो."

"मी माझ्या बहिणीला ओळखणार नाही का?" ताई म्हणाली.

त्यांनी लिहून घेतलं आणि तिनं सही केली. ताई सातवीपर्यंतच शिकलेली, सही करताना एकेक अक्षर जपून काढायची. हा फोटो माझा नाही, याच्याखाली तिनं असं जपून आपलं नाव लिहिलं. साहेब उठले. दारात वळून त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, मला आजही खात्री आहे. पण कळून काय करणार, कागद तर तिनं दिला होता.

ते गेल्यावर मी म्हटलं, "ताई."

"तुझी नोकरी गेली असती. बाबांना बघतेस ना तू?" ती मशिनवर बसली, पायपट्टीवर पाय ठेवला. मग म्हणाली, "आपण दोघी कुठं पोचलो नाही, पण माझा फोटो बघ, महापालिकेच्या दप्तरात गेला." आणि हसली. मला हसता आलं नाही. मशिनचा आवाज सुरू झाला तेव्हा मला बरं वाटलं, कारण आता बोलावं लागणार नव्हतं. हे असं वाटलं, तेही लिहून ठेवते.

तक्रारीत तथ्य आढळून येत नाही, असं पत्र क्लबात आलं. सरांनी पेढे वाटले, मला कायम केलं. साहेबांच्या अटींचं काय झालं, पुढे कधी तसे नियम निघाले का, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. त्या वर्षी तरी काही निघालं नाही, आणि पट्टा तसाच चालू होता. सरांनी डाव्या फोटोची दुसरी प्रत करून घेतली, मोठा करताना काढलेलं निगेटिव्ह त्यांच्याकडेच होतं. मी लाजेनं नोकरी सोडली असं लिहायला बरं वाटलं असतं. सोडली नाही. पुढे दीड वर्ष होते मी तिथं. फॉर्मवर खुणा करत. एवढंच की गाणी लावायची बंद केली. जणू त्यानं कुणाचं काही भलं होणार होतं.

पत्र आल्यावर आठ-दहा दिवसांनी, दुपारी, जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी. कोण इतकं हळू चढतंय म्हणून मी बघायला उठले, तर बाई. कठडा धरून, कमरेला पट्टा, कपाळावर घाम. मला वाटलं आता ही बाई मला चारचौघींत फाडून खाणार. आणि खरं सांगते, मला हवं होतं ते.

बायका होत्या आत तिघी-चौघी. सगळ्या बघायला लागल्या. बाई काउंटरला टेकल्या, श्वास घेतला.

"मला पण पत्र आलं," त्या म्हणाल्या. "साहेबांना जाऊन भेटले मी. ती तुझी सख्खी बहीण आहे, तिनं लिहून दिलंय, म्हणाले. मी तुला सगळ्यांदेखत खोटारडी म्हटलं. शाळेत मी पोरांना सांगते, आपली चूक झाली की ज्याच्यावर ओरडलो त्याच्याकडे स्वतः जायचं. म्हणून आले."

"बाई, तुम्ही कशाला जिने चढून..."

"नाही, थांब, बोलू दे. बहिणीला बहीण म्हणायला लाजलीस, ते काही बरं केलं नाहीस. पण ते तुमच्या घरातलं. माझं म्हणशील तर माझी कंबर आधीपासूनचीच होती, मी तुला सांगूनही उभी राहिले त्या मशिनवर. तू तुझ्या अनुभवाचं सांगितलंस. उगाच एका पोरीवर आळ घेतला मी. आणि तुझ्या बहिणीला सांग, त्या दिवशी मी तिला 'तुमच्यासारखीच' म्हणाले, तिला लागलं असेल. तिचीही माफी मागितली म्हणून सांग."

त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात ओला होता, चढून आल्यामुळे. मागे भिंतीवर आम्ही दोघी बहिणी होतो, मी आणि ताई, आणि आतल्या बायका कौतुकानं बघत होत्या, की बघा, एवढी मोठी शिक्षिका, पण मन किती मोठं.

"मनात ठेवू नकोस हं," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "असू दे बाई. होतं असं कधी कधी."

त्या समाधानानं वळल्या आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागल्या. म्हणजे मी त्यांना माफ केलं.